पुलावरचा सॅक्सोफोन आणि आपला रियाज

मंडळी, नांदेड-लातूरच्या श्रोत्यांपुढे जॅझवर बोलायचं म्हणजे आधी थोडा खुलासा हवा. आपले कान तयार झाले ते भजनी मंडळात, पखवाजावर, हुजूर साहिबच्या शबद-कीर्तनात. सॅक्सोफोन आपण ऐकला तो वरातीच्या बँडमध्ये. तरीही आज आम्ही एका सॅक्सोफोनवादकाबद्दल बोलणार आहोत, कारण त्यांचा प्रश्न आपल्याही घरातला आहे.

सनी रोलिन्स. जन्म १९३०, न्यूयॉर्क. १९५६ साली 'सॅक्सोफोन कोलोसस' ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा वय पंचवीस. त्यातली 'ब्लू सेव्हन' ऐका. ब्लूजचं चक्र आपल्या आवर्तनासारखं फिरत राहतं, आणि रोलिन्स सुरुवातीचा एक छोटासा तुकडा घेऊन तो मोडतात, लांबवतात, पुन्हा त्याच्याकडे येतात. ख्यालगायक मुखडा हाताशी धरून बढत करतो ना, तसंच काहीसं.

याच वादनावर गुंथर शुलर या समीक्षकानं १९५८ साली मोठा लेख लिहिला. लेख कौतुकाचाच होता. पण तो वाचून रोलिन्स गोंधळले. वाजवताना स्वतःकडेच बघू लागले. पुढे, आपल्यावरची समीक्षा वाचायचीच नाही, असं त्यांनी ठरवलं. आम्ही समीक्षा करणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी अशी आहे, बरं का.

१९५९ मध्ये त्यांनी मंच सोडला. कार्यक्रम मिळत नव्हते असं नाही. नाव जेवढं झालंय तेवढं आपलं वाजवणं नाही, असं त्यांना वाटत होतं. घरात वाजवलं तर शेजाऱ्यांना त्रास, म्हणून ते विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन तासन्‌तास वाजवू लागले. आपल्या गोदावरीच्या पुलावर रोज कुणी असा रियाज करतोय, अशी कल्पना करा! हे १९६१ पर्यंत चाललं.

१९६२ साली 'द ब्रिज' आलं. काही समीक्षक हिरमुसले. दोन वर्षांत काहीतरी क्रांतिकारक घडेल, असं त्यांना वाटलं होतं. आमचं मत वेगळं आहे. या तबकडीत पियानो नाही, जिम हॉल यांचा गिटार आहे. त्यामुळे सुरांभोवती मोकळी जागा राहते, आणि त्या जागेत रोलिन्स घाई करत नाहीत. 'नवं काय?' हा प्रश्नच इथे चुकतो. ते नवं शोधायला गेले नव्हते, उणं काढायला गेले होते.

साठच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा थांबले आणि पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात राहिले. १९७८ च्या मुंबईतल्या 'जॅझ यात्रे'त ते वाजवायलाही आले. पण भारतात राहिले म्हणून सतार-तबला जोडून 'भारतीय' जॅझचं दुकान त्यांनी मांडलं नाही. हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

त्यांचं एक म्हणणं मात्र जपून घ्यावं लागतं: मंचावर विचार करायचा नाही, संगीत आपोआप येऊ द्यायचं. तरुण मुलं एवढंच उचलतात. त्यामागचा पूल विसरतात. दुसरी बाजूही सांगतो. स्वतःच्या ध्वनिमुद्रणांवर ते कधी समाधानी नव्हते, आणि या अस्वस्थतेची किंमत श्रोत्यांनीही मोजली. आम्हाला वाटतं, नंतरच्या बऱ्याच तबकड्या त्यांच्या मैफलींच्या उंचीला पोचत नाहीत.

आता आपल्याकडे या. लातूर पॅटर्ननं काय दिलं, ते आम्ही नाकारत नाही. प्रश्नपत्रिका पुन्हापुन्हा सोडवून खेड्यापाड्यातली पोरं डॉक्टर झाली. पण तीच रीत गाण्यात शिरली आहे. ठरलेला राग, पाठ केलेल्या ताना, प्रमाणपत्र, दहावीचे वाढीव गुण, आणि मग तानपुरा खाटेखाली. ज्या नांदेडनं पं. नाथराव नेरळकरांसारखा गवई दिला, तिथल्या स्पर्धांत आम्ही एकच तान एकाच जागी तीन-तीन मुलांकडून ऐकतो. चूक मुलांची नाही. त्यांना पेपर माहीत आहे, म्हणून ती पेपरची तयारी करतात.

रोलिन्स पुलावर तयारी करत होते ती न पाहिलेल्या पेपरची. आज रात्री काय सुचेल ते माहीत नाही, पण सुचलं तर बोटं अडू नयेत, एवढ्यासाठी. आपला खरा रियाजही हाच होता.

शिक्षकांना आमची एकच विनंती. आठवड्यातून एक तास असा ठेवा की पोरानं पाठ केलेलं काहीच गायचं नाही. चुकेल, बेसूर होईल, समेवर येणार नाही. येऊ द्या हळूहळू. आणि त्या तासाला गुण देऊ नका.

आता तुमचे प्रश्न घेऊ.