जिना आणि उतार

हडपसर सोडून दौंडकडे निघालेल्या गाडीत खिडकीशी बसलेल्या माणसाचे डोळे पाहावेत. मांजरी बुद्रुकचे खांब मागे सरकतात, बुबुळं त्यांच्या मागे सावकाश जातात आणि एका झटक्यात पुढे येतात. पुन्हा सावकाश, पुन्हा झटका. त्या माणसाला याची गंधवार्ताही नसते. डॉक्टरांच्या जुन्या बोलीत याला ‘रेल्वे निस्टॅग्मस’च म्हणत.

मला गोडी लागली ती त्या झटक्याची. डोळ्याची पुढची बाजू मागच्या पडद्यापेक्षा किंचित धनभारित असते. म्हणून कानशिलांवर इलेक्ट्रोड चिकटवले, की नजरेची हालचाल आलेखात उतरते. अंशामागे जेमतेम १५-२० मायक्रोव्होल्ट. निरोगी डोळ्याला या ठिपक्यावरून त्या ठिपक्यावर न्या, कागदावर जिना उभा राहतो. नजर ठरली की सपाट पायरी, उडाली की उभी कड. २० अंशांची उडी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत संपते. मधेच पापणी लवली तर शिंतोडा उडतो. तो ओळखून सोडून द्यायचा.

आता दुसरा आलेख, आजारी डोळ्याचा. पायऱ्या तितक्याच, उंचीही जवळपास तीच. पण उभी कड गेली, तिथे उतार आला. मुरकीच्या जागी कुणी लांब मींड घ्यावी तसा. सूर मात्र लागतो! डोळा पोचतो, हरवलेला असतो तो वेग. मेंदूच्या देठातल्या पॉन्स या भागात झटक्याचा हुकूम सोडणाऱ्या पेशी झिजल्याची ही खूण. गाडीच्या खिडकीतही या डोळ्यांचा परतीचा झटका असाच मलूल होणार. उतार वर-खाली नजरेत आधी दिसला, तर संशय पीएसपी या मेंदूविकाराकडे जातो.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूविकार विभाग उभारणाऱ्या डॉ. नोशिर वाडियांनी हा संथपणा हेरला. आर. के. स्वामी यांच्यासह त्यांनी १९७१ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात नऊ कुटुंबांतला एक आनुवंशिक आजार मांडला. लहान मेंदूच्या या झिजेत चाल डळमळते, जीभ अडखळते. ते कुणालाही दिसतं. वाडियांनी डोळ्यांचा संथपणा थेट शीर्षकात घातला.

हल्ली इन्फ्रारेड कॅमेरा वेग मोजतो, संगणक निदानही सुचवतो. सुचवो बापडा. झोपेच्या गोळीनेही हा वेग मंदावतो. रात्री गोळी घेतली होती का, हे विचारायला समोर डॉक्टरच हवा.

वाडियांच्या त्या आजाराला आज एससीए-२ म्हणतात. त्याचं जनुक सापडलं १९९६ मध्ये, त्या शीर्षकानंतर २५ वर्षांनी.