कडूपणाचे गुण

मराठी माणसाला कडू चवीचे वावडे आहे असे कोणी म्हणू नये. पाडव्याला आपण कडुनिंबाची पाने चावतो. कोकणात नरकचतुर्दशीच्या पहाटे पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडून त्याचा रस जिभेला लावतात. मेथी आणि कारली तर रोजच्या पानातली. पण हे सारे कडू आपण धर्म म्हणून घेतो किंवा औषध म्हणून, आणि उरलेले गूळ घालून झाकतो. कडूपणाकडे निव्वळ चव म्हणून पाहण्याचा प्रसंग मला आला तो भाच्याच्या घरी, अमेरिकेतील पोर्टलंड शहरी. त्याने स्वतः केलेली बिअर त्याने माझ्यापुढे ठेवली आणि तिच्यावर मत मागितले.

दिवाळी अंकात हा विषय कुठला, असे वडील मंडळी विचारतील. त्यांना एवढेच सांगतो की हे लिहिणे पिण्याविषयी नसून पारखण्याविषयी आहे. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्यावाचून हा उद्योग घरी करणे गुन्हा आहे. अमेरिकेत १९७८ साली झालेल्या कायद्याने घरच्यापुरती बिअर करायला मोकळीक मिळाली.

कृती ऐकायला सोपी. मोड आणून वाळवलेल्या सातूचा गोड काढा करायचा, त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुले उकळायची, गार झाल्यावर यीस्ट घालून आंबवायचे. साऱ्या कलेचे मर्म या फुलांत आहे. ती तासभर उकळली तर कडूपणा उतरतो पण सुगंध वाफेबरोबर निघून जातो. अखेरच्या पाच मिनिटांत घातली तर सुगंध राहतो, कडूपणा थोडाच येतो. आणि आंबवण झाल्यावर गारच घातली तर जवळजवळ सुगंधच तेवढा मिळतो. म्हणजे एकच जिन्नस, केव्हा घातला यावर त्याचा गुण ठरणार. आपल्या गृहिणींना हे सांगायला नको; फोडणीतला कढीपत्ता आणि वरून घातलेली कोथिंबीर यांतला फरक त्या जाणतातच.

भाच्याने वापरलेली जात ‘कास्केड’. १९७२ साली ऑरेगनमधूनच ती प्रसारात आली. पेला नाकाशी नेला आणि मी थक्क झालो. पपनसाची साल नखाने खरवडावी तसा वास, मागून थोडी राळ, किंचित फुलांचा दरवळ. रंग जुन्या मधासारखा, वर पांढरा दाट फेस, आणि तो पेल्याच्या कडेला चिकटून राहणारा. इथवर सर्व उत्तम.

पहिला घोट मात्र वेगळे बोलला. सुगंधाने जे आश्वासन दिले होते ते जिभेवर क्षणभरच टिकले. मग कडूपणा आला आणि गेलाच नाही. कडू असणे हा या प्रकारच्या बिअरचा दोष नव्हे, तो तिचा धर्म आहे. दोष हा की त्या कडूपणाला टेकायला सातूचा गोडवा पुरेसा नव्हता. आमच्या काही सामाजिक कादंबऱ्यांत पहिल्या पानापासून दुःख सुरू होते, आणि ज्याच्यावर ते कोसळते तो माणूसच उभा केलेला नसतो, तसे झाले. शिवाय घोट उतरल्यावर ओल्या गवताची चव मागे राहिली. विचारले तेव्हा कळले की गार घातलेली फुले तीन आठवडे तशीच राहिली होती. कारण तेच.

मेजावरचे बाकीचे पाहुणे “वा, फारच छान!” म्हणून मोकळे झाले होते. आपल्याकडेही पाहुण्याने भाजीला आणि समीक्षकाने मित्राच्या पुस्तकाला हेच म्हणायचे असते. पण भाचा तीच बिअर गावातल्या स्पर्धेला पाठवणार होता. “मामा, तुम्ही मास्तर आहात, खरे गुण द्या,” असे म्हणत त्याने परीक्षकांचा छापील तक्ताच पुढे केला.

हा तक्ता मला फार आवडला. एकूण ५० गुण: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५, आणि एकंदर परिणामाला १०. रूपाला तीनच! आमच्या साहित्यात मुखपृष्ठाला याहून जास्त मिळतात. प्रत्येक रकान्यात नुसता आकडा चालत नाही. काय जाणवले आणि काय सुधारावे, तेही लिहावे लागते. परीक्षणे लिहिणाऱ्या आमच्या मंडळींनी एकदा हा तक्ता हाती घेऊन पाहावा.

मी वासाला १०, रूपाला ३, चवीला १२, स्पर्शाला ३, एकंदरीला ५ दिले. बेरीज ३३. त्यांच्या मोजपट्टीवर ३० ते ३७ म्हणजे ‘फार चांगली’, तेव्हा हे गुण काही कंजूषपणाचे नव्हेत. भाचा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “चवीला दोन कमी पडले.” मी त्याला दुसरा घोट घेऊन मनात तीसपर्यंत मोजायला सांगितले. वीसवर आल्यावर तो हसला आणि पाणी प्यायला.

स्पर्धेचा बेत त्याने त्या खेपेपुरता सोडला. पुढच्या खेपेस उकळीत फुले निम्मी घालायची, सातू थोडा वाढवायचा आणि गार फुले पाचव्या दिवशी काढायची, असे त्याने वहीत टिपले. उरलेल्या बाटल्या त्याने शीतकपाटात, अंधारात ठेवल्या. उजेडाने या फुलांचा रस नासतो आणि पपनसाचा वासही काही आठवड्यांत ओसरू लागतो. म्हणून त्या लवकर संपवायच्या होत्या, आणि “फारच छान” म्हणणारे पाहुणे त्यासाठी पुन्हा बोलावले होते.