राणीसाहेब कोणत्या भाषेत बोलतील?

रणजित देसाईंची ‘स्वामी’ 1962 साली प्रसिद्ध झाली. पेडण्याच्या आमच्या घरी ती पोहोचली बऱ्याच वर्षांनी, पण आली ती पाने सुटेपर्यंत राहिली. दुपारची जेवणे आटोपली की आई मोठ्याने वाची आणि आजी ऐके. रमाबाई सती जातात तिथे आजीचा पदर डोळ्यांना लागे. एकदा मात्र तिने मध्येच विचारले, “आनी आमच्या वाडयेच्या राणयेचेर कोणें बरयलां?”

प्रश्न साधा, पण मला तो आजवर सुटलेला नाही.

आजीची वाडी म्हणजे सावंतवाडी. पेडणे 1788 साली पोर्तुगीजांकडे गेले, डिचोली त्याच्या थोडी आधी. त्यापूर्वी आमचा दरबार पुण्याचा नव्हे, सावंत-भोसल्यांचा. तिसरे खेम सावंत यांच्या राणी लक्ष्मीबाई या जयाप्पा शिंद्यांच्या कन्या, महादजींच्या पुतणी. वडील 1755 मध्ये नागोरला मारले गेले. या सोयरिकीमुळे दिल्लीच्या बादशहाकडून वाडीकरांना ‘राजेबहादूर’ किताब मिळाला आणि कोल्हापूरकरांच्या मनात हेवा पेटला. पुढे कोल्हापूरकरांविरुद्ध मदत हवी म्हणून वाडीकरांनी पेडणे पोर्तुगीजांना दिले. एका लग्नाचा धागा असा थेट आमच्या उंबऱ्यापर्यंत येतो!

1803 साली खेम सावंत वारले, पोटी मुलगा नाही. लक्ष्मीबाईंनी 1805 मध्ये रामचंद्र सावंत ऊर्फ भाऊसाहेब यांना दत्तक घेतले. 1807 मध्ये त्यांचा गळा दाबून खून झाला. नंतर, 1812 पासून, दुर्गाबाईंनी अज्ञान राजाच्या नावे कारभार पाहिला आणि भरतगड, नरसिंगगड हे किल्ले कोल्हापूरकरांकडून घेतले. इंग्रजांना ते रुचले नाही, हे सांगायला नको.

आता या बायका कादंबरीत बसवून पाहा. आपल्या ऐतिहासिक कादंबरीजवळ दरबारी स्त्रीसाठी साचे दोनच: एक सती, दुसरी कारस्थानी. ‘स्वामी’तल्या रमाबाई फार सुंदर उतरल्या आहेत, यात वाद नाही. पण मुलाशी बेबनाव होऊन नाशिककडे निघून गेलेल्या गोपिकाबाईंचे दुःख देसाई दुरूनच पाहतात, असे मला प्रत्येक वाचनात वाटते. राज्य चालवताना चुकणारी, लढणारी, थकणारी बाई त्या साच्यांत मावत नाही. इंग्रजांकडे आठव्या हेन्रीच्या दरबारातल्या लेडी रॉचफर्डला शेकडो वर्षे नवऱ्याविरुद्ध साक्ष देणारी दुष्ट बाई ठरवले गेले होते. 1542 मध्ये तिचा शिरच्छेद झाला. अलीकडे अभ्यासकांनी ते कागद पुन्हा उघडून तिची बाजू मांडली. दुर्गाबाईंच्या बाबतीत आपल्याकडे निदान कागद तरी उघडा.

आणि खरी अडचण संवादांची. लिहिणारा त्यांच्या तोंडी शनिवारवाड्याची भाषा घालील, कारण दरबार म्हटला की आपल्या कानांना तीच ऐकू येते. लक्ष्मीबाई शिंद्यांकडची, त्यांचे एक वेळ चालेल. पण वाड्यातली दासी, पाणक्या, पेडण्याहून आलेला गावकर हे पुणेरी बोलू लागले तर आजीने पुस्तक तिथेच मिटले असते. दप्तरातली मराठी आणि अंगणातली बोली एकाच पानावर नांदवणारा लेखक हवा. आमच्या घरांत त्या दोन्ही रोज नांदतात. आई मराठीतून वाचायची, आजी कोंकणीतून प्रश्न विचारायची आणि मधल्या मधे कुणाचेच काही अडत नसे.