पाठमोऱ्या दोघीजणी

आत्मचित्र म्हटलं की चित्रकार आपल्याकडे बघतो. बघावंच लागतं, कारण तो आरशात बघत रंगवत असतो. ब्रिटिश चित्रकर्ती लॉरा नाइट यांचं १९१३ सालचं ‘सेल्फ पोर्ट्रेट’ याला अपवाद आहे. इथे चित्रकर्ती आपल्याकडे जवळजवळ पाठ करून उभी आहे. तिची नजर समोरच्या विवस्त्र मॉडेलवर आहे आणि मॉडेलही पाठमोरी आहे. शेजारी कॅनव्हास, त्यावर तीच मॉडेल, त्याच पोझमध्ये. चित्रातलं कुणीच प्रेक्षकाची दखल घेत नाही. वर्ग सुरू झाल्यावर उशिरा आलेला विद्यार्थी जिथे गुपचूप उभा राहील, तिथे आपण उभे असतो.

हा कोन सहज सापडलेला नाही. स्वतःची बाजू आणि मॉडेलची पाठ एका चौकटीत बसवण्यासाठी नाइट यांनी आरशांची मांडणी केली होती. एवढा खटाटोप का, याचं उत्तर त्यांच्या शिक्षणात आहे. १८९० मध्ये, तेराव्या वर्षी, त्या नॉटिंगहॅमच्या कलाशाळेत दाखल झाल्या. तिथे विवस्त्र मॉडेलवरून चित्र काढण्याची मुभा मुलींना नव्हती. मुलींच्या वाट्याला प्लास्टरचे पुतळे. आता प्लास्टर हा उत्तम शिक्षक आहे, पण एका मर्यादेपर्यंतच. तो प्रमाण शिकवतो, छायाप्रकाश शिकवतो. त्याला श्वास नसतो, तो थकत नाही, त्याच्या कातडीखाली रक्त नसतं. जिवंत माणूस अर्ध्या तासात किंचित कलतो, खांदा उतरतो, मानेचा रंग बदलतो. विश्रांतीनंतर पोझ पुन्हा जुळावी म्हणून पायांभोवती खडूच्या खुणा कराव्या लागतात. व्यक्तिचित्र रंगवणाऱ्याला खरी झुंज द्यावी लागते ती या हलत्या, बदलत्या जिवाशी.

नाइट यांची मॉडेल पाहा. तिने हात डोक्यापर्यंत उचलले आहेत. जिवंत मॉडेलवरून काम केलेल्या कुणालाही कळेल की ही पोझ फार वेळ टिकत नाही. हात भरून येतात. शाळेत जे नाकारलं गेलं, त्यातलं अवघडच नाइट यांनी निवडलं. ही मॉडेल पैसे देऊन आणलेली नव्हती. ती एला नेपर, त्यांची मैत्रीण आणि स्वतः दागिने घडवणारी कलावती. दोघी कॉर्नवॉलमधल्या लॅमोर्ना परिसरात राहत.

बहुतेक जण या चित्रातल्या नग्नतेविषयी बोलतात. मला मात्र त्यातला सर्वांत जिवंत भाग वाटतो तो चित्रकर्तीचा लाल कार्डिगन. जुन्या बाजारात स्वस्तात घेतलेला, वापरून सैल पडलेला, कामाचा कपडा. डोक्यावर काळी हॅट. नटूनथटून बसलेली बाई नव्हे, ऐन कामातली बाई. आणि त्या लाल रंगाला उत्तर देणारा मागचा तांबडा पडदा! त्याच्यासमोर एलाची त्वचा उजळते. कॅनव्हासवरची एला आणि ‘खरी’ एला यांत तुलना करायचा मोह होतो, तेव्हा आठवतं की दोन्ही रंगच आहेत. ही गंमत नाइट यांना नक्कीच कळत होती. चेहरा तेवढा बाजूने दिसतो. आत्मचित्र असूनही ओळख पटते ती मानेच्या वळणावरून आणि उभं राहण्याच्या ढबीवरून.

मराठी प्रेक्षकाला लाइफ क्लासची, म्हणजे जिवंत मॉडेलवरून चित्र काढण्याच्या वर्गाची, दुनिया भेटली ती रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ (२०१८) या चित्रपटातून. तिथे गोष्ट मॉडेलची, तिच्या पोटापाण्याची आणि लपवाछपवीची होती. नाइट यांच्या चित्रात बघण्याचा हक्क कुणाचा, हा प्रश्न आहे. आणि तो जुना आहे. लंडनच्या रॉयल अकादमीच्या दोन संस्थापक सदस्य स्त्रिया होत्या, अँजेलिका काउफमन आणि मेरी मोझर. पण चित्रकार योहान झोफनी यांनी १७७१-७२ मध्ये अकादमीचा मॉडेल-वर्ग रंगवला, तेव्हा पुरुष सदस्य मॉडेलभोवती जमलेले दाखवले आणि या दोघी भिंतीवरच्या तसबिरींत. मेरीचे वडील त्याच चित्रात मॉडेलची पोझ जुळवताना दिसतात!

त्या भिंतीवरच्या तसबिरींतून नाइट खाली उतरल्या, असं मी म्हणेन. अकादमीने त्यांचं हे चित्र प्रदर्शनात घेतलं नाही. ‘डेली टेलिग्राफ’च्या समीक्षकाला ते सवंग वाटलं. १९३६ मध्ये त्याच अकादमीने नाइट यांना पूर्ण सदस्यत्व दिलं. चित्र १९७१ मध्ये नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने विकत घेतलं. लंडनला गेलात तर छापील प्रतीवर समाधान मानू नका. कॅनव्हास पाच फूट उंच आहे. समोर उभं राहिल्याशिवाय आपली जागा कुठे आहे ते कळत नाही.