विमानांच्या छायाचित्रांची पाठचिकित्सा

राजापेठ, अमरावती

पोथीची परीक्षा करितांना कागद, शाई, अक्षरवळण, भाषा आणि पुष्पिका हीं अंगें स्वतंत्रपणें तपासावीं, असा संशोधकांचा परिपाठ आहे. पुष्पिकेंतील शक कागदाशीं जुळला नाहीं, तर पुष्पिका मागाहूनची ठरते. परंतु तेच संग्राहक जुन्या विमानाचें छायाचित्र हातीं आलें कीं खालच्या ओळीवर विश्वासून मोकळे होतात. ती ओळ पुष्पिका नव्हे. बहुधा ती परक्या हातानें मागाहून लिहिलेली टीप असते. या शिथिलतेनें मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांच्यावर अन्याय होत आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम सोपें उदाहरण घेऊं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस जुहू येथें विमानानें टपाल आणिलें. तें विमान डी हॅविलँड कंपनीचें ‘पुस मॉथ’ होय. १९८२ सालीं त्यांनीं तेंच उड्डाण पुन्हा केलें, तें मात्र त्याच कंपनीच्या ‘लेपर्ड मॉथ’मधून. दोन्ही विमानें एकइंजिनी, बंद कक्षाचीं व माथ्यावर पंख असलेलीं. घाईच्या नजरेस जुळीं भावंडें. पण पुस मॉथचा पंख जवळजवळ सारख्या रुंदीचा, तर लेपर्ड मॉथचा टोंकाकडे निमुळता. पहिल्याचा सांगाडा पोलादी नळ्यांचा व दुसऱ्याचा प्लायवुडचा, हा भेद चित्रांत दिसणार नाहीं. पंखाचा दिसेल, तोहि कोन अनुकूल असेल तरच. निर्णायक प्रमाण काळाचें आहे : लेपर्ड मॉथचें पहिलें उड्डाण १९३३ सालचें. म्हणून तशा विमानाच्या चित्राखालीं ‘१९३२’ लिहिलेलें आढळलें, तर चित्र खरें आणि ओळ खोटी.

धडावरील नोंदणीचीं अक्षरें मुद्रेसारखीं मानावीं. टाटांच्या पुस मॉथवरील अक्षरें ‘व्हीटी-एडीएन’. हिंदुस्थानांतील विमानांवर ‘व्हीटी’ हीं आद्याक्षरें १९२९ च्या सुमारास आलीं. त्याहून जुन्या म्हणविणाऱ्या चित्रांत तीं दिसल्यास शंका घ्यावी. मात्र मुद्राहि मागाहून उठवितां येते; प्रतिकृतीवर मूळचीं अक्षरें रंगविण्याची चाल आहे. अक्षरें उलटीं दिसलीं, तर कांच उलट ठेवून ठसा काढला असें समजून चित्राची डावीउजवी बाजू फिरवून वाचावी.

अंधुक प्रतीवरून पाठ ठरविला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण अमेरिकेंत घडलें. गुस्ताव्ह व्हाइटहेड यांनीं राइट बंधूंच्या आधीं, १९०१ सालीं, उड्डाण केलें हा पक्ष जुना आहे. २०१३ सालीं जॉन ब्राउन यांनीं १९०६ च्या एका प्रदर्शनाच्या छायाचित्रांत भिंतीवर दिसणारें लहानसें चित्र मोठें करून तें त्या उड्डाणाचें म्हणून पुढें केलें. कॅरल ग्रे यांनीं तें जॉन माँटगोमेरी यांच्या ‘कॅलिफोर्निया’ नामक इंजिनरहित विमानाच्या १९०५ च्या स्पष्ट छायाचित्राशीं ताडून दाखविलें. आणि तेथें तें विमान उडत नसून टांगलेलें आहे! अंधुक प्रतीशेजारीं स्पष्ट प्रत ठेवावी आणि मगच बोलावें, ही पद्धति पोथीवाल्यांस नवी नाहीं.

आतां तळपदे यांच्याकडे वळूं. १८९५ सालीं चौपाटीवर त्यांनीं ‘मरुत्सखा’ नांवाचें विमान उडविलें, अशी परंपरा आहे. त्या यंत्राचें प्रमाणभूत छायाचित्र पुढें आलेलें नाहीं. त्या काळीं असें छायाचित्रण अशक्य नव्हतें. जर्मनींत ओटो लिलिएंताल यांच्या उड्डाणांचीं छायाचित्रें त्याच दशकांत निघालीं. म्हणून ही उणीव लक्षांत घेण्याजोगी आहे. परंतु चित्राचा अभाव म्हणजे घटनेचें खंडन नव्हे.

दोष पुढेंच आहे. ही रिकामी जागा ‘वैमानिकशास्त्रां’तील शकुन, रुक्म वगैरे विमानांच्या आकृतींनीं भरली जाते. भरद्वाजाच्या नांवावर चालणारा तो ग्रंथ सुब्बराय शास्त्री यांनीं १९१८ ते १९२३ या काळांत सांगितला, आणि आकृति १९२३ सालीं बंगळूरच्या एलप्पा नामक आरेखकानें काढिल्या. म्हणजे त्या छायाचित्रें तर नव्हेतच, शिवाय मरुत्सखाहून अठ्ठावीस वर्षांनीं अर्वाचीन. ग्रंथाचे अनुष्टुभ् सुबोध अर्वाचीन संस्कृतांत आहेत; वैदिक रूपांचा त्यांत मागमूस नाहीं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच अभ्यासकांनीं १९७४ सालीं परीक्षण करून हा ग्रंथ १९०४ पूर्वींचा असूं शकत नाहीं व हीं यंत्रें उडण्याजोगीं नाहींत, असा निर्णय दिला.

याचा परिणाम पाहावा. न उडणाऱ्या यंत्राची आकृति तळपदे यांच्या नांवाखालीं छापली, कीं त्या आकृतीचें खंडन झाल्याबरोबर तळपदेहि खोटे ठरतात. त्यांनीं काय बांधिलें, हा प्रश्न समकालीन कागदांवरच सुटला पाहिजे. उसन्या चित्रानें तो सुटण्याऐवजीं बुजतो.

यास्तव वऱ्हाडांतील संग्राहकांस विनंति अशी कीं, जुन्या पेट्यांतून निघालेल्या प्रत्येक विमानचित्राबरोबर तीन गोष्टी वेगवेगळ्या कागदावर लिहून ठेवाव्या : तें कोणाकडून आलें, त्यांत डोळ्यांस काय दिसतें, आणि आपला तर्क काय. मूळची ओळ खोडूं नये. तीहि साधनच आहे. ओळख पटली नाहीं तर ‘अनिर्णीत’ असें लिहावें. पोथीच्या गळलेल्या पानावर आपण पदरचा श्लोक लिहीत नाहीं. मरुत्सखाच्या रिकाम्या चौकटीसहि तोच न्याय लावावा.