टी-शर्टवरच्या रेघा आणि मागचा अल्बम

काळ्या टी-शर्टवर डोंगररांगांसारख्या पांढऱ्या रेघा तुम्ही पाहिल्या असतीलच. ‘जॉय डिव्हिजन’ या इंग्लिश बँडच्या ‘अननोन प्लेझर्स’ (१९७९) या अल्बमचं ते मुखपृष्ठ. रेघा मात्र गाण्यांच्या नाहीत. सीपी १९१९ या पल्सारकडून ओळीने आलेल्या स्पंदांचा तो आलेख, हॅरॉल्ड क्राफ्ट यांच्या १९७० च्या पीएचडी प्रबंधातला. (आपल्या आलेखांचं कुठलं एवढं नशीब!)

मग अल्बमचं नाव टिकलं कशामुळे? या चित्रामुळे? की गायक इअन कर्टिसने वर्षभरातच, २३ व्या वर्षी आत्महत्या केली म्हणून? दोन्ही गोष्टी ऐकण्याआधीच आपलं मत बनवून टाकतात. संशोधनात यालाच कन्फाउंडिंग म्हणतात.

त्या बाजूला ठेवायच्या तर नुसते ड्रम्स ऐका. निर्माता मार्टिन हॅनेटने ते असे रेकॉर्ड केलेत, की प्रत्येक ठोका रिकाम्या गोदामात पडल्यासारखा वाटतो. बास गिटार नुसती साथ करत नाही, बऱ्याचदा चालच तिच्याकडे असते. बँडमधल्या काहींना हे तेव्हा आवडलं नव्हतं, त्यांना स्टेजवरचा दणका हवा होता. माझ्या मते हॅनेटचंच बरोबर होतं. तो दणका १९७९ चाच राहिला असता. हा रिकामेपणा अजून जुना होत नाही. शेवटचं ‘आय रिमेंबर नथिंग’ तेवढं मला उगाच लांबवलेलं वाटतं.