सैनिकी कायद्यातील ‘पत्नी’

सैनिकाच्या घटस्फोटाचा निर्णय दिवाणी वा कुटुंब न्यायालय देते, पलटण नव्हे. हिंदू विवाह अधिनियमातील २००३ च्या दुरुस्तीमुळे प्रताप नगरात राहणाऱ्या सैनिकपत्नीस नागपुरातच अर्ज करता येतो. अडचण शब्दाची आहे. सेना अधिनियम, १९५० चे २८ वे कलम सैनिकाचे वेतन न्यायालयीन जप्तीपासून राखते. ९० व ९१ ही कलमे मात्र ‘पत्नी’च्या निर्वाहार्थ त्यातून कपात करू देतात. परंतु पत्नी कोण? अधिनियम व्याख्या देत नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पुनर्विवाह न केलेली घटस्फोटिताही निर्वाहापुरती त्या शब्दात समाविष्ट केली होती; २०२३ ची नागरिक सुरक्षा संहिताही तसेच करते. मराठीत परित्यक्ता व घटस्फोटिता यांत भेद रूढ असता सेना अधिनियमाचे हे मौन मसुदाकाराचा निष्काळजीपणाच म्हटला पाहिजे. संदिग्धतेचा भार वेतन मिळवणाऱ्यावर नव्हे, काडीमोड झालेल्या स्त्रीवर पडतो.